ब्रह्मकमळाचं उरलेलं वर्ष

आषाढ लागला की वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर एक बातमी हमखास दिसते: अमुक यांच्या घरी ब्रह्मकमळाला एकाच रात्री इतकी फुलं आली. सोबतच्या फोटोत कुंडीभोवती घरची मंडळी उभी असतात, फुलांना हळद-कुंकू वाहिलेलं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळीच निरोप पडतो, 'आज उमलणार, नक्की या.' एरवी लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारे शेजारी दाराशी चपला काढून बाल्कनीत दाटीवाटीनं उभे राहतात. कुणी आजींसाठी खुर्ची सरकवतं, कुणी पेंगुळलेल्या पोराला कडेवर घेऊन येतं. एका फुलासाठी इतक्या माणसांनी रात्री जागावं, ही आपल्या शहरी जगण्यातली फार चांगली गोष्ट आहे आणि ती टिकायला हवी.

पण सकाळी फुलं माना टाकतात आणि मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाडाकडे कुणी फिरकत नाही. कुंडी एसीच्या यंत्रामागे जाते, नाहीतर गच्चीवर भर उन्हात पडून राहते. वर्ष-दोन वर्षांत तक्रारी सुरू होतात. पानं पिवळी पडली. बुडाशी कुजलं. कळ्या धरतात आणि गळतात. झाड चांगलं पुरुषभर वाढलं, पण फुलाचं नाव नाही. या सगळ्या तक्रारींचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. आपण ब्रह्मकमळाला एकतर वाळवंटातल्या निवडुंगाच्या हिशेबानं वाढवतो, नाहीतर तुळस-जास्वंदीच्या. ते यांपैकी कोणीच नाही. ते झाडावर राहणारं झाड आहे. एवढी एक गोष्ट नीट समजून घेतली, की त्याची निगा कशी राखायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

ढगांतल्या जंगलातलं घर

आपल्याकडे घरोघरी असलेलं ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. केदारनाथ, हेमकुंडच्या परिसरात उमलणारं, उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ वेगळं. ते सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं, हिमालयाच्या उंच थंड उतारांवरचं. आपलं ब्रह्मकमळ कॅक्टस कुळातलं आहे आणि त्याचं माहेर दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला आणि त्याखालचा मध्य अमेरिकेचा पट्टा. द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं 1828 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि पुढच्याच वर्षी एड्रियन हॉवर्थ या इंग्रज अभ्यासकानं त्याला एपिफायलम या प्रजातीत आणून बसवलं.

निवडुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रखरखीत माळ आणि काटे येतात. पण या कुळातल्या कितीतरी जातींनी दमट जंगलांत संसार थाटला. घनदाट जंगलात जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही, म्हणून या जाती उंच झाडांच्या बेचक्यांत, खोडांच्या खाचांत राहायला गेल्या. तिथे वाळका पालापाचोळा साचतो, त्यावर शेवाळ धरतं, पक्ष्यांची विष्ठा पडते, सगळं कुजून ओंजळभर काळी माती तयार होते. या झाडाचं शेत म्हणजे तेवढंच. अॅमेझॉनमध्ये तर याचं एक भावंड, एपिफायलम फिलँथस, झाडांवरच्या मुंग्यांच्या वारुळांत रुजलेलं सापडतं.

आधाराच्या झाडातून ते काहीही शोषत नाही. बांडगुळात आणि त्यात हाच फरक. आपल्याला याची ओळख नवी नाही. कोकणात, घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी आंब्याच्या, फणसाच्या खोडावरून सीतेच्या वेणीचे गुलाबी-पांढरे घोस लोंबू लागतात. ही आमरीही तशीच राहते, झाडाचा फक्त खांदा घेऊन.

आता त्या बेचक्यात पाऊस पडला की काय होतं ते बघा. पाणी धो-धो येतं, मुळं चिंब होतात, आणि जादा पाणी लगेच खाली निथळून जातं. तासाभरात मुळांभोवती वारा खेळायला लागतो. धुकं असतं, त्यामुळे हवा ओलसर राहते. वरच्या पानांतून गाळून आलेला उजेड दिवसभर मिळतो, पण दुपारचं ऊन थेट अंगावर पडत नाही. मोकळी हवा खाणारी मुळं, भरपूर पण गाळीव उजेड, आणि चिंब भिजून पुन्हा कोरडं होण्याची सवय. ब्रह्मकमळाची सगळी निगा या तीन गोष्टींत आहे.

शरीरही त्याच बेतानं घडलं आहे. ज्याला आपण पान म्हणतो ते चपटं झालेलं खोड. काटे नाहीत. कडेला लाटांसारख्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक डोळा. नवी फांदी तिथूनच फुटते आणि कळीही तिथूनच. बेचक्यातलं पाणी लवकर आटतं, तेव्हा हे झाड इतर निवडुंगांप्रमाणे दिवसा आपली रंध्रं मिटून घेतं आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत साठवतं. दुसऱ्या दिवशी उजेड आला की त्या साठ्यातून अन्न तयार होतं. म्हणजे फूल वर्षातल्या काही रात्रीच उमलतं, पण झाड रोज रात्री कामावर असतं.

कुंडी उलटी केल्यावर

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांग आहे. तिथल्या एका नर्सरीत, हिरव्या जाळीखाली, एका माळीकाकांनी मला ब्रह्मकमळाच्या दोन कुंड्या शेजारी-शेजारी उलट्या करून दाखवल्या. पहिली कुणीतरी घरून परत आणलेली होती. वरून झाड पिवळट, लुळं पडलेलं. कुंडी उलटी करून काकांनी बूड थोपटलं, तर आतून लाल मातीचा घट्ट ठोकळाच बाहेर आला. बाहेरून कोरडा, पण फोडल्यावर मधोमध चिकट आणि आंबूस वासाचा. मुळं तपकिरी झालेली. काकांनी एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तशी वरची साल हातात आली आणि आत दोऱ्यासारखी शीर उरली.

दुसऱ्या कुंडीतलं मिश्रण हातावर घेतल्याबरोबर भुसभुशीत पसरलं. नारळाच्या सोडणांचे तुकडे, विटांचा चुरा, थोडा कोळसा, कुजलेला पालापाचोळा. त्यात फिकट पिवळी, बारीक मुळं सगळीकडे धावलेली. सोडणाच्या एका तुकड्याला तर ती अशी बिलगली होती की तुकडा सुटेना. काका म्हणाले, "माती कमी द्या ताई, हवा जास्त द्या." मेक्सिकोच्या जंगलाचं सगळं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

घरी करायचं तर दोन भाग नारळाच्या सोडणांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, एक भाग चांगलं कुजलेलं पानखत किंवा गांडूळखत, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि लाकडी कोळसा, एवढं पुरतं. नुसतं कोकोपीट वापरू नये, ते आपल्या पावसाळ्यात दिवसच्या दिवस ओलं राहतं. नवी सोडणं वापरण्याआधी पाण्यात भिजवून, पाणी दोन-तीनदा बदलून घ्यावीत, म्हणजे त्यांच्यातला क्षार निघून जातो. मातीची कुंडी उत्तम, कारण ती भिंतीतूनही श्वास घेऊ देते. प्लास्टिकची असेल तर बुडाला भोकं वाढवावीत. कुंडी फार मोठी नको. बेचक्यात राहायची सवय असलेल्या मुळांना थोडी दाटी चालते, उलट मोठ्या कुंडीत न वापरलेली ओली माती कुजत राहते. दोन-तीन वर्षांनी मिश्रण बसलं, त्याचा भुगा झाला, की बदलावं. ते काम फुलांचा हंगाम सरल्यावर करावं.

पाणी, ऊन, खत

पाणी किती दिवसांनी घालायचं, हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचं उत्तर वाराच्या हिशेबानं देता येत नाही. बोट दोन पेरं आत खुपसावं. कोरडं लागलं तर कुंडीच्या बुडातून वाहीपर्यंत पाणी घालावं, ओलं लागलं तर हात आवरावा. रोज वाटीभर पाणी घालण्यानं वरचा थर भिजतो आणि खालची मुळं उपाशी राहतात, नाहीतर सगळंच कायम दमट राहतं. वैशाखात विदर्भ-मराठवाड्यात एक दिवसाआड लागेल. कोकणात श्रावणात कुंडी पागोळीखाली असेल तर वरून थेंबही घालायला नको. पावसाचं पाणी या झाडाला सर्वांत मानवतं. बोअरच्या जड पाण्यानं मिश्रणावर पांढरी खार जमते. तशी जमली की भरपूर साध्या पाण्यानं कुंडी धुऊन काढावी. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, मुळांसाठी नको आणि डासांसाठीही नको.

थंडीत, मार्गशीर्ष ते माघ, झाडाला विश्रांती द्यावी. पाणी कमी, खत बंद. ते सुकून सुरकुतणार नाही एवढं बघितलं की झालं. कित्येक घरांत याच दिवसांत प्रेमानं पाणी घालून झाड कुजवलं जातं.

उजेडासाठी पूर्वेची खिडकी किंवा बाल्कनी सर्वांत चांगली. सकाळचं कोवळं ऊन त्याला हवं असतं. पश्चिमेचं, विशेषतः चैत्रानंतरचं ऊन अंगावर आलं की चपट्या फांद्या आधी तांबूस होतात, मग पांढुरके चट्टे पडून भाजतात. गच्चीवर ठेवायचं असेल तर हिरवी जाळी हवी. उलट घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर लांबच लांब, बारीक, गोल काड्या निघतात. त्या चपट्या होत नाहीत आणि त्यांच्यावर फुलंही येत नाहीत. फूल न येण्याचं सर्वांत मोठं कारण अपुरा उजेड. दुसरं कारण नत्र. शेणखताचा, युरियाचा मारा केला की झाड हिरवंगार फोफावतं आणि कळ्यांचं विसरतं. फाल्गुनापासून पंधरवड्यातून एकदा, समतोल खत नेहमीच्या निम्म्या मात्रेत पाण्यातून द्यावं. बेचक्यातल्या झाडाला एकावेळी थोडंच जेवायची सवय असते.

रोग-किडींत मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. खाचांच्या डोळ्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढावा, नंतर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी आठवड्याच्या अंतरानं दोन-तीनदा करावी. पावसाळ्यात गोगलगायी कोवळ्या फांद्या रात्रीतून कुरतडतात, तेव्हा कुंडी टांगलेली बरी. जुन्या फांद्यांच्या बुडाशी तपकिरी, लाकडासारखा थर येतो. तो म्हातारपणाचा आहे, रोग नव्हे.

कळी ते पहाट

पावसाची पहिली सर झाली, हवा गार आणि दमट झाली, की एखाद्या खाचेत तांबूस टोक दिसू लागतं. नव्या फांदीचं टोकही सुरुवातीला तसंच असतं, पण आठवडाभरात फरक कळतो. फांदी चपटी होते, कळीचा देठ लांबायला लागतो. कळीपासून फुलापर्यंत साधारण तीन ते चार आठवडे जातात. आधी ती लांब नळीनिशी खाली लोंबते. मग नळी मधून वळते आणि कळीचं तोंड वर उचललं जातं. डौलदार बदकानं मान वर करावी तसा तो बाक असतो. या काळात कुंडी जागेवरून हलवू नये, फिरवू नये, पूर्ण कोरडी पडू देऊ नये. कळ्या गळण्यामागे बहुधा हेच असतं. पाहुण्यांना दिसावं म्हणून कळ्यांसकट कुंडी हॉलमध्ये आणून पंख्याखाली ठेवली जाते, तेव्हा तर हमखास.

उमलायच्या दिवशी दुपारीच कळी टप्पोरी फुगते. साडेसात-आठच्या सुमारास टोकाशी फट पडते आणि आतलं पांढरं दिसू लागतं. बाहेरच्या तांबूस, अरुंद पाकळ्या आधी मागे वळतात. मग शुभ्र पाकळ्या हळूहळू सुटतात. टक लावून पाहिलं तर एखादी पाकळी थरथरून सैल होताना डोळ्यांना दिसते. अकरा-बाराला फूल पूर्ण उमलतं. ओंजळीत मावणार नाही एवढं मोठं, नळी धरून मोजलं तर पाऊण फुटाच्याही वर. आत शंभरावर पुंकेसरांचा दाट झुबका आणि त्याच्या मधून बाहेर आलेला, टोकाशी फुलासारखा फाटलेला स्त्रीकेसर.

हा सगळा थाट एका पाहुण्यासाठी आहे. मध्य अमेरिकेच्या जंगलात रात्री हॉक मॉथ नावाचे लांब सोंडेचे पतंग हिंडतात. अंधारात दिसावं म्हणून रंग पांढरा, दुरून कळावं म्हणून वास इतका भरभरून, आणि मध त्या लांब नळीच्या तळाशी. सोंड आत घालताना पतंगाच्या अंगाला पराग लागतात आणि तो दुसऱ्या झाडाकडे जातो. आपल्याकडे ब्रह्मकमळं पसरली ती एकमेकांना दिलेल्या फांद्यांतून. म्हणून शेजारच्या दोन घरांतली झाडं बहुतेकदा एकाच झाडाची अंगं असतात, आणि फळ धरलेलं क्वचितच दिसतं.

रात्रभर जागलेली चित्रकर्ती

रात्री उमलणाऱ्या झाडवासी निवडुंगासाठी माणूस किती वाट पाहू शकतो, हे मार्गारेट मी यांनी दाखवलं. या इंग्रज चित्रकर्ती 1952 मध्ये ब्राझीलला गेल्या आणि 1956 पासून अॅमेझॉनच्या खोऱ्यात पुन्हा पुन्हा मोहिमा काढून तिथल्या वनस्पती जागच्या जागी रंगवत राहिल्या. तिथल्या काळ्या पाण्याच्या नद्यांकाठी, वर्षातले काही महिने बुडणाऱ्या जंगलात एक विलक्षण निवडुंग राहतो: सेलेनिसेरियस विटी. त्याची चपटी फांदी झाडाच्या खोडाला चिकटून वर चढते आणि उन्हात लालबुंद होते. फूल पांढरं, एकाच रात्रीचं. मार्गारेट यांना ते उमलताना रंगवायचं होतं आणि कित्येक वर्षं ते त्यांना हुलकावणी देत होतं. अखेर मे 1988 मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिओ नेग्रो नदीवर त्यांना उमलू पाहणारी कळी गवसली. होडीच्या छपरावर बसून त्यांनी रात्रभर तिची रेखाटनं केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्या गेल्या.

पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये हाच निवडुंग केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात उमलला, तेव्हा जगभरची माणसं घरात बसून वेबकॅमवर ते बघत होती. मार्गारेट यांच्या चित्रांचं मोल मला त्यांच्या सौंदर्याहूनही एका गोष्टीत वाटतं. त्यांनी फूल एकटं काढलं नाही. त्यामागचं पाण्यात उभं असलेलं जंगल, वेली, अंधारातली खोडं, सगळं चित्रात आणलं. झाड जिथलं आहे तिथून तोडून पाहायचं नाही, हा त्यांचा आग्रह होता आणि जंगलतोडीविरुद्ध त्या उघडपणे बोलत राहिल्या.

बाकीचे भाऊबंद

नर्सरीत ख्रिसमस कॅक्टस म्हणून गुलाबी, लाल फुलांची कुंडी मिळते, ती श्लुम्बर्गेरा. तिचं गाव ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोलगतचे डोंगर. तिकडे ती मेच्या सुमारास फुलते, कारण दक्षिण गोलार्धात तेव्हा रात्री लांबत जातात. आपल्याकडे तेच दिवस कार्तिक-मार्गशीर्षात येतात. लांब अंधारी रात्र आणि गारवा मिळाल्याशिवाय ही कळ्या धरत नाही. पुण्या-मुंबईत डिसेंबरची रात्र साधारण 13 तासांची असते, म्हणजे अंधार पुरेसा आहे, पण खिडकीसमोर रस्त्याचा दिवा किंवा खोलीत रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट असेल तर तो अंधार तिला मिळत नाही. ऑक्टोबरपासून तिला रात्री दिवा न लागणाऱ्या जागी हलवावं. नाशिक, पुणे, महाबळेश्वरच्या थंडीत ती रमते, मुंबईच्या उकाड्यात तिला फुलवणं कठीण जातं.

दुसरी रिप्सॅलिस, हिरव्या दोऱ्यांच्या झुबक्यासारखी लोंबणारी. तिची रिप्सॅलिस बॅक्सिफेरा ही जात जगातली एकमेव अशी आहे, जी कॅक्टस कुळातली असून अमेरिकेबाहेरही, आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेत, नैसर्गिकरीत्या सापडते. चिकट बिया पक्ष्यांनी समुद्रापार नेल्या असाव्यात, असं बरेच अभ्यासक मानतात. हिला ब्रह्मकमळाहून सावली जास्त चालते आणि कोरडेपणा कमी.

तिसरा भाऊ आपल्या शेतात आला आहे. सांगली, सोलापूरच्या दुष्काळी टापूत सिमेंटच्या खांबांवर चढवलेलं ड्रॅगन फ्रूट हाही याच गणगोतातला, मुळांनी आधाराला बिलगून वर चढणारा निवडुंग. त्याचं फूलही रात्रीचं, पांढरं, ब्रह्मकमळाशी थेट नातं सांगणारं. बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत या पिकावर संशोधन चालतं. दुष्काळात तगतं म्हणून शेतकऱ्यांनी ते लावलं, पण एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्या फांद्या पिवळ्या पडून भाजतात आणि मग शेतावर जाळी ताणावी लागते. एकराच्या शेतातही त्याचं जंगल त्याला सोडत नाही.

फांदी देताना

कॅक्टस कुळावर आज मोठं संकट आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत या कुळातल्या 31 टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं. जंगल तोडून शेती आणि कुरणं करणं हे एक कारण, आणि हौसेच्या बाजारासाठी रानातून झाडं उपटणं हे दुसरं. 1975 पासून या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. तरीही दुर्मीळ जातींची चोरटी विक्री चालते. म्हणून कुठून आलं हे सांगता न येणारं महागडं रोप घेऊ नये. ब्रह्मकमळासाठी तर काही विकतच घ्यावं लागत नाही.

ज्यांच्याकडे झाड आहे, त्यांच्याकडून फुलांचा हंगाम उतरल्यावर एक पक्की, चपटी फांदी मागून घ्यावी. वीतभर लांबीचा तुकडा, कोणती बाजू खालची हे लक्षात ठेवून. सावलीत पाच-सात दिवस तसाच ठेवावा, कापलेली जागा वाळून कडक होऊ द्यावी. मग दोन बोटं खोल, भुसभुशीत मिश्रणात रोवावा आणि हलका ओलावा ठेवावा. महिन्याभरात मुळं धरतात. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि ती घाईनं कमी होत नाहीत.

आपल्याकडे फांदी मागायला कुणी आलं तर ती द्यावीच, पण नुसती पिशवीत घालून देऊ नये. देताना दोन मिनिटं बसून सांगावं, की हे मेक्सिकोच्या डोंगरातलं, झाडाच्या बेचक्यात राहणारं आहे. याला माती कमी आणि हवा जास्त लागते, सकाळचं ऊन लागतं, थंडीत विसावा लागतो. फूल कधी येईल हे झाडावर सोडा, पण उरलेलं वर्ष तुमचं आहे.